श्चापोवला कुठून वाचायला घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या प्रबंधासाठी सायबेरियाचा इतिहास वाचताना अफानासी श्चापोव हे नाव तुम्हाला तीन ठिकाणी भेटलं. एकीकडे तो ‘सायबेरियन फुटीरतावादाचा जनक’, दुसरीकडे ‘क्रांतिकारी लोकशाहीवादी’ आणि तिसरीकडे जुन्या धर्माचाराची कड घेणारा चर्चचा इतिहासकार. यांतला खरा कोणता? त्याला सायबेरिया रशियापासून तोडायचा होता का? आणि रशियन जेमतेम येत असताना त्याच्या वाटेला जावं का?

रशियन शिकवण्यात आणि रशियन कागदपत्रं मराठीत-इंग्रजीत आणण्यात माझी तीसेक वर्षं गेली. श्चापोवचे उतारे मी वर्गात अनेकदा वाचून घेतले आहेत आणि त्यात एक ढोबळ चूकही केली आहे, ती पुढे सांगतो. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर: नाही, तो फुटीर नव्हता. पण एवढंच उत्तर घेऊन गेलात तर प्रबंधाला काही उपयोग नाही. खरी अडचण अशी की तुम्ही वाचलेली तिन्ही वर्णनं वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या वेळी, आपापल्या कामासाठी केलेली आहेत. एक पोलिसी तपासातून आलं, एक सोव्हिएत काळातल्या वर्गीकरणातून आणि एक त्याच्या पहिल्या पुस्तकाच्या नावावरून. त्यामुळे श्चापोव ‘कोण’ होता याआधी ‘कुठल्या सालचा श्चापोव’ हे विचारायला हवं. १८५८ चा, १८६१ चा आणि १८७० चा असे तीन माणसं वाटावीत इतका तो बदलत गेला.

आधी माणूस बघू. जन्म १८३१ चा, इर्कुत्स्कच्या उत्तरेला लेना नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या आंगा नावाच्या खेड्यात. वडील गावच्या चर्चमध्ये खालच्या पायरीवरचे सेवक, आई बुर्यात वंशाची. म्हणजे घरातच दोन सायबेरिया: आलेल्यांचा आणि आधीपासून असलेल्यांचा. आंगा तसं लहान गाव, पण अलास्कापर्यंत धर्मप्रसार करून पुढे मॉस्कोचे मेट्रोपॉलिटन म्हणजे मुख्य धर्मगुरू झालेले इनोकेंती वेनियामिनोव हेही तिथलेच. चर्चच्या माणसाच्या पोराला शिक्षणाची एकच वाट असे, ती म्हणजे चर्चची शाळा. श्चापोव त्याच वाटेनं गेला. इर्कुत्स्कची धर्मशाळा, मग सेमिनरी आणि १८५२ साली काझानची धर्मअकादमी.

काझानला त्याच्या हाती जे लागलं त्यानं पुढचं सगळं ठरवलं, असं माझं मत आहे. क्रिमियन युद्ध चालू होतं. १८५४ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश जहाजांनी उत्तरेकडच्या श्वेत समुद्रातल्या सोलोव्येत्स्की मठावर तोफा डागल्या. मठाच्या ग्रंथालयात शेकडो वर्षांची हस्तलिखितं होती. त्यांना धोका नको म्हणून ती हलवली गेली आणि ती आली काझानच्या अकादमीत. त्यांची छाननी करून वर्णनसूची करायच्या कामावर जे विद्यार्थी बसवले गेले, त्यांत श्चापोव होता.

हा मठ साधा नव्हता. १६५२ साली निकोन रशियन चर्चचा प्रमुख झाला आणि त्यानं ग्रीक नमुन्याबरहुकूम पोथ्या आणि विधी सुधारायला घेतले. क्रॉसची खूण दोन बोटांनी करायची की तीन, येशूचं नाव एका ‘इ’नं लिहायचं की दोन, अशा गोष्टींवरून अख्खा देश दुभंगला. जुनं न सोडणाऱ्यांना ‘रास्कोल्निक’ म्हणजे फुटून निघालेले म्हणू लागले. सोलोव्येत्स्कीच्या मठवाल्यांनी नव्या पोथ्या नाकारल्या आणि १६६८ ते १६७६ अशी आठ वर्षं झारच्या फौजेचा वेढा सोसला. त्या मठाचं दप्तर पेट्यांतून उघडून एकेक पोथी वाचणारा विशीतला पोरगा डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी समासात काही खरडलेलं असतं, कुणी अर्जाची नक्कल शिवून ठेवलेली असते. पाठ्यपुस्तकात ‘अडाणी, हटवादी’ म्हणून निकालात काढलेली माणसं तिथे स्वतःच्या अक्षरात बोलत असतात. दप्तरात काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. छापील इतिहासावरचा विश्वास पहिल्यांदा उडतो तो असाच.

यातून १८५८ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं, रशियन रास्कोलवर. लांबलचक नावातच त्यानं सांगून टाकलं की ही फूट चर्चच्या आणि नागरी जीवनाच्या अंतर्गत स्थितीशी जोडून तपासली आहे. इथे सावध राहा. या पुस्तकातला श्चापोव अजून अकादमीचाच आहे. रास्कोलवाल्यांविषयी त्याच्या लेखणीत अढी आहे, त्यांचं अज्ञान तो पानोपानी काढतो. पण कारण शोधायला तो देव्हाऱ्यात थांबत नाही, बाहेर अंगणात येतो. शेतकऱ्याला जमिनीशी बांधणारी १६४९ ची कायदेसंहिता, पीटरची डोईपट्टी, सैन्यभरती, जुन्या आचाराच्या लोकांवर १७१६ पासून लादलेला दुप्पट कर. बोटं दोन की तीन या भांडणाच्या मागे हे सगळं उभं आहे, हे त्यानं ओळखलं होतं. चार वर्षांनी, १८६२ साली, ‘झेम्स्त्वो आणि रास्कोल’ लिहिताना अढी पार गेलेली दिसते. तिथे रास्कोल म्हणजे राजधानीच्या कारभाराविरुद्ध मुलुखाचा विरोध. दोन्ही पुस्तकं वाचली नाहीत तर ‘चर्चचा इतिहासकार’ हे वर्णन बरोबर वाटेल. दोन्ही वाचली की ते टिकत नाही.

आता गाभ्याकडे. नोव्हेंबर १८६० मध्ये काझान विद्यापीठात रशियन इतिहासाच्या अध्यासनावर त्याचं पहिलं व्याख्यान झालं. सुरुवातीलाच त्यानं जाहीर केलं की आपण इथे राज्यसंस्थेचा किंवा केंद्रीकरणाचा विचार घेऊन आलेलो नाही. लोक आणि ओब्लास्त (म्हणजे काय ते पुढे उलगडतो) हा विचार घेऊन आलो आहोत. आज वाचताना हे वाक्य फारसं टोचत नाही. पण तेव्हा रशियन इतिहास म्हणजे काय होतं ते बघा. करमझिनच्या बारा खंडांच्या नावातच ‘राज्य’ होतं. सेर्गेई सोलोव्योव वर्षाला एक या गतीनं आपले खंड काढत होता आणि त्यात राज्य उभं राहणं हीच मुख्य कथा होती. बोरिस चिचेरिननं तर असं मांडलं होतं की रशियन खेड्यातली सामाईक जमिनीची पंचायतसुद्धा राज्यानंच, कर गोळा करायच्या सोयीसाठी घडवली. म्हणजे गावही वरूनच आलं! या मांडणीसमोर एका सायबेरियन सेवकाचा तिशी न गाठलेला मुलगा उभा राहून म्हणत होता की कथा दुसऱ्या टोकाकडून सांगू.

माझी चूक इथेच झाली. ‘ओब्लास्तनोस्त’ या त्याच्या शब्दाला मी वर्गात ‘प्रादेशिकता’ असा प्रतिशब्द दिला. एका विद्यार्थ्यानं लगेच विचारलं, ‘म्हणजे प्रांतवाद ना सर?’ आणि पुढचा तासभर सगळा वर्ग श्चापोवला आपल्याकडच्या राजकारणातल्या चौकटीत बसवत राहिला. दोष त्यांचा नव्हता, माझ्या शब्दाचा होता. तुम्हीही इथेच अडखळाल, म्हणून दोन शब्द नीट उलगडतो.

पहिला शब्द ‘ओब्लास्त’. आजच्या रशियाच्या नकाशावर ओब्लास्त हा प्रशासकीय विभाग आहे, आपल्या जिल्ह्यापेक्षा बराच मोठा. श्चापोवचा ओब्लास्त तो नव्हे. त्याच्या काळी प्रशासकीय विभागाला ‘गुबेर्निया’ म्हणत आणि कॅथरीनच्या १७७५ च्या सुधारणेत गुबेर्निया आखायचं माप होतं तीन ते चार लाख पुरुषसंख्या. डोकी मोजायची आणि रेघ मारायची. श्चापोवचा ओब्लास्त नदीच्या खोऱ्यातून, जंगलतोडीतून, वस्तीतून वाढलेला असतो. माणसं नद्यांनी वर सरकली, पाणलोटाच्या उंचवट्यावरून नावा ओढत दुसऱ्या खोऱ्यात उतरली, तिथल्या फिनिश, तातार किंवा बुर्यात लोकांत मिसळली आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी बोली, वेगळा धंदा, वेगळी रीत तयार झाली. आपल्याकडे माणदेश म्हटल्यावर काय म्हणायचंय ते कळतं, पण सरकारी यादीत माणदेश नावाचा जिल्हा सापडत नाही. तेवढीच तुलना घ्या, पुढे ताणू नका.

दुसरा शब्द ‘झेम्ल्या’ आणि त्यावरून आलेला ‘झेम्स्त्वो’. झेम्ल्या म्हणजे जमीन, माती. पण जुन्या रशियन कागदांत ‘सारी झेम्ल्या’ म्हटलं की अर्थ होतो त्या भूमीवरचे सगळे लोक मिळून. मराठीत हे समजावणं सोपं आहे. ‘गाव जेवायला बसलं’ म्हणतो तेव्हा घरं जेवायला बसत नाहीत. ‘सगळा मुलूख गोळा झाला’ म्हणतो तेव्हा डोंगर चालून येत नाहीत. मी हल्ली या शब्दाला ‘मुलूख’ वापरतो, निदान वर्गातला गोंधळ तरी थांबला. (१८६४ च्या सुधारणेनं जी झेम्स्त्वो नावाची स्थानिक मंडळं निघाली ती वेगळी, श्चापोव त्याआधीपासून हा शब्द वापरतो आहे.)

हे दोन शब्द हाती आले की त्याचा सिद्धांत फार कठीण राहत नाही. तो रशियन इतिहासाचे टप्पे पाडतो. आधी ओब्लास्त वेगवेगळे होते, आपापल्या सभा घेत, आपसांत भांडत. मग सोळाव्या शतकाच्या अखेरीस झारचा वंश खुंटला, पुढे तोतये झार उभे राहिले, मॉस्कोत पोलिश फौज बसली आणि राज्य म्हणावं असं काही उरलंच नाही. रशियन इतिहासात याला गोंधळाचा काळ म्हणतात. राज्यवाद्यांच्या लेखी ही निव्वळ पोकळी. श्चापोव या पोकळीतले कागद काढतो. १६११-१२ मध्ये शहरं एकमेकांना पत्रं लिहीत होती: निझ्नी नोव्गोरोद, काझान, यारोस्लाव्ल, वोलोग्दा, पेर्म. तुमच्याकडे किती माणसं, किती पैसा, आपण एकजुटीनं राहू, साऱ्या मुलुखाच्या विचाराशिवाय कुणाला झार म्हणून मानायचं नाही. वरून हुकूम देणारं कुणी नव्हतं. शहरानं शहराला विचारलं, फौज उभी राहिली, मॉस्को सुटलं आणि १६१३ ला सभा भरून नवा झार निवडला गेला. श्चापोव म्हणतो, ही ओब्लास्तांची आपखुशीनं झालेली एकी. त्यानंतर मॉस्कोच्या कचेऱ्यांनी ती एकी गिळली आणि मुलुखाला बोलायची जागा राहिली नाही. ती नाराजी मग रास्कोलच्या रूपानं बाहेर पडली.

तुमच्या ‘फुटीर’ प्रश्नाचं उत्तर या मांडणीतच आहे. ज्याच्या इतिहासातला सगळ्यात उजळ क्षण म्हणजे प्रांतांनी आपणहून एकत्र येणं, त्याला तोडायचं नव्हतं. त्याला जोडणी खालून हवी होती.

व्याख्यानांना गर्दी लोटत होती, पण अध्यासन त्याला जेमतेम पाच महिने लाभलं. फेब्रुवारी १८६१ मध्ये भूदासमुक्तीचा जाहीरनामा निघाला. सोबतचे नियम इतके जाडजूड आणि किचकट होते की खेड्यापाड्यांत वाचता येणारा माणूस शोधायची धावपळ झाली. काझान प्रांतातल्या बेझ्दना गावात (शब्दाचा अर्थ अथांग दरी, आणि हे नाव कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही) आंतोन पेत्रोव नावाच्या जुजबी साक्षर शेतकऱ्यानं ते नियम वाचले. छापील नमुन्यात आकडे भरायच्या जागी शून्यं होती. त्या शून्यांत त्याला खरी, पूर्ण मुक्ती लिहिलेली दिसली: झारनं जमीन आधीच देऊन टाकली आहे, जमीनदार आणि अधिकारी ती लपवताहेत. आसपासच्या गावांतून हजारो लोक त्याच्या झोपडीभोवती जमले. वेठ थांबली. १२ एप्रिलला जनरल अप्राक्सिनच्या सैनिकांनी निःशस्त्र जमावावर गोळीबार केला. सरकारी अहवालातच मृत पन्नासावर आहेत, नंतरच्या मोजण्या त्याहून मोठ्या. पेत्रोव नियमांचं पुस्तक डोक्यावर धरून बाहेर आला. आठवड्याभरात त्यालाही गोळ्या घालण्यात आल्या.

१६ एप्रिलला काझानमध्ये विद्यापीठाच्या आणि धर्मअकादमीच्या विद्यार्थ्यांनी मारल्या गेलेल्यांसाठी स्मशानातल्या चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. श्चापोव तिथे बोलला. भाषण छोटंसं आहे. त्यात ख्रिस्त आहे, रशियन खेड्यांत शंभर-दीडशे वर्षं उगवत आलेले संदेष्टे आहेत, आणि पेत्रोव त्या रांगेतला शेवटचा. सतत गप्प आणि निजलेला म्हणून हिणवलेला शेतकरीच आधी उठला, असा सूर आहे. शेवट लोकशाही राज्यघटनेच्या जयघोषानं. १८६१ सालच्या रशियात, स्मशानात, सरकारी प्राध्यापकाच्या तोंडून!

तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात म्हणून एक गोष्ट निरखायला सांगतो. पेत्रोव ज्या पद्धतीनं शून्यं वाचत होता, त्याची टिंगल करणं फार सोपं आहे आणि तेव्हाच्या सुशिक्षितांनी ती केलीही. श्चापोवनं केली नाही, कारण सोलोव्येत्स्कीच्या पोथ्यांत त्यानं असे वाचक आधी पाहिले होते. सरकारी कागद हाती आल्यावर रयत त्यात स्वतःची मागणी वाचते, हे त्याला दप्तरातून माहीत होतं. त्या दिवशीचं भाषण आणि ते पुस्तक यांत मला तरी तुटलेपण दिसत नाही.

त्याला पकडून पीटर्सबर्गला नेलं. कोठडीतून त्यानं थेट झारला पत्र लिहून ओब्लास्तांच्या सभांची आणि लोकप्रतिनिधित्वाची मागणी केली. हे पुन्हा बघा: फुटीर माणूस झारला आराखडा पाठवत नाही. धर्मखात्यानं त्याला मठात पाठवायचं ठरवलं होतं, ते टळलं. उलट गृहखात्यात रास्कोलविषयक कागद हाताळायची नोकरी मिळाली. सरकारचा हिशेब उघड होता, माणूस हुशार आहे, आपल्या टेबलाशी बसवा.

याच काळात त्यानं ‘बेगुनी’ म्हणजे पळणारे या पंथावर लिहिलं. लेख १८६२ साली दस्तयेव्स्की बंधूंच्या ‘व्रेम्या’ मासिकात आला. अठराव्या शतकात येव्फिमी नावाच्या फरारी सैनिकानं हा पंथ काढला, यारोस्लाव्लजवळचं सोपेल्की गाव त्याचं केंद्र. शिकवण अशी की राज्याच्या वहीत नाव असणं हेच पाप. जनगणना नको, कर नको, पासपोर्ट नको, पळा. तेव्हा शेतकऱ्याला गाव सोडायला पासपोर्ट लागे. या मंडळींनी स्वतःचे पासपोर्ट केले. सरकारी मायन्यात, सगळी कलमं जागच्या जागी, फक्त देणारी कचेरी स्वर्गातली: सियोनच्या पोलिस ठाण्यातून, परमेश्वराच्या नगरीतून दिलेला. अधिकाऱ्यांना यात वेडेपणा दिसला. श्चापोवला त्यात राज्याविषयीचा एक पूर्ण विचार दिसला, आणि तो त्यानं अर्ज, करवसुली, भरती यांच्या नोंदींशेजारी ठेवून दाखवला. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं लेखन हेच. थोडं भाबडं आहे, ते खरं. प्रत्येक पळणारा काही राज्याविरुद्ध पळत नव्हता. कुणी बायकोला टाळून पळत होता, कुणी कर्जाला. श्चापोवला सगळ्यांत विरोधच दिसतो.

१८६४ मध्ये, लंडनला राहून झारशाहीविरुद्ध लिहिणाऱ्या हेर्त्सेनशी संबंधांच्या संशयावरून, त्याला सायबेरियात परत धाडलं. हुकूम आंगाचा होता, प्रत्यक्षात राहिला इर्कुत्स्कला. पत्नी ओल्गा इवानोव्ना सोबत गेली. आणि आता ‘फुटीरतावादाचा जनक’ हे बिरुद कुठून आलं ते. १८६५ मध्ये ओम्स्कच्या लष्करी शाळेत सायबेरियाच्या देशभक्तांना उद्देशून लिहिलेलं एक पत्रक सापडलं. त्यातून सायबेरियन फुटीरतेचा मोठा खटला उभा राहिला. ग्रिगोरी पोतानिन, निकोलाई याद्रिन्त्सेव आणि इतर पकडले गेले. पोतानिनला सक्तमजुरी झाली. पकडलेल्यांत सेराफिम शाश्कोव हा काझानमधला श्चापोवचा विद्यार्थी होता. श्चापोवलाही इर्कुत्स्कहून ओम्स्कला नेलं आणि काही सापडलं नाही म्हणून सोडलं. शिक्का मात्र चिकटला.

प्रभाव नव्हता असं मी म्हणणार नाही. पोतानिन-याद्रिन्त्सेव यांची ‘ओब्लास्तनिक’ चळवळ, सायबेरियाला विद्यापीठ हवं, गुन्हेगार इथे पाठवणं बंद करा, आमच्या मालावर मॉस्कोचे व्यापारी का पोसायचे, हा सगळा विचार श्चापोवच्या शब्दसंग्रहात बोलतो. पण याद्रिन्त्सेवचा १८८२ चा ग्रंथ सायबेरियाकडे वसाहत म्हणून बघतो. श्चापोवचा विषय सगळ्या रशियाचे ओब्लास्त हा होता आणि सायबेरिया त्यातला एक. गुरूच्या वहीतलं एक पान शिष्यांनी घेतलं आणि मोठं केलं. प्रबंधात हा फरक नीट मांडलात तरी तुमचं काम पुष्कळसं झालं.

शेवटची वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती वाचवत नाहीत. १८६६ मध्ये भूगोल संस्थेच्या तुरुखान्स्क मोहिमेत तो येनिसेई नदीनं उत्तरेला गेला. नंतर बुर्यातांच्या वस्त्या (उलूस) आणि रशियन खेडी यांतल्या सामाईक जमिनीवर त्यानं चांगले लेख लिहिले. आईकडच्या लोकांकडे तो इतिहासकार म्हणून पहिल्यांदा तेव्हा गेला. पण मधल्या काळात त्याला निसर्गविज्ञानाचं वेड लागलं होतं. मेंदू, मज्जातंतू, हवामान यांतून लोकांचा इतिहास काढायचा असा प्रयत्न. हे लेखन जड आहे, पुनरुक्तीनं भरलेलं आहे आणि सायबेरियातल्या लोकांविषयीची काही विधानं आज वाचताना संकोच वाटतो. दारू होती, क्षय होता, पैसे नव्हते, राजधानीतली ग्रंथालयं पाच हजार किलोमीटरवर होती. १८७४ ला पत्नी गेली, १८७६ ला तो. पंचेचाळिशीच्या आसपास. इर्कुत्स्कच्या झ्नामेन्स्की मठात दोघांच्या कबरी आहेत.

‘क्रांतिकारी लोकशाहीवादी’ या तिसऱ्या शिक्क्याबद्दल एवढंच. सोव्हिएत काळात एकोणिसाव्या शतकातल्या प्रत्येक विचारवंताला खण ठरवून द्यावा लागे आणि बेझ्दनाच्या भाषणामुळे श्चापोव या खणात बसला. भाषणापुरतं ते बरोबर आहे. पण १६१३ च्या सभेत तो सगळ्या थरांची एकी बघतो. जमीनदार, व्यापारी आणि शेतकरी यांचे हितसंबंध तिथेही वेगळे होते, हे तो जवळजवळ विसरतो. प्लेखानोवपासून पुढच्या मार्क्सवाद्यांना त्याच्यात खोट दिसली ती मुख्यतः इथे, आणि ती टीका मला रास्त वाटते.

आता तुमचा व्यावहारिक प्रश्न. रशियन जेमतेम येत असेल तर किती जमेल, हे तुमच्या हाती किती महिने आहेत यावर ठरेल. सहा महिने असतील तर अख्खा श्चापोव वाचायच्या भानगडीत पडू नका. त्याची वाक्यं लांब असतात आणि मध्येच सतराव्या शतकातल्या कागदांचे उतारे येतात, तिथे रशियन विद्यार्थ्यांचीही दमछाक होते. ‘महारशियन ओब्लास्त आणि गोंधळाचा काळ’ हा १८६१ चा लेख घ्या, मग ‘झेम्स्त्वो आणि रास्कोल’मधला बेगुनींचा भाग. काझानचं उद्घाटनाचं व्याख्यान तिसरं वाचा, पहिलं नको. घोषणा आधी वाचली की पुढे सगळीकडे घोषणाच दिसते. चरित्रासाठी आरिस्तोवचं १८८३ चं पुस्तक अजून कामाचं आहे. तो ओळखीतला माणूस होता, त्यामुळे मायेनं लिहितो, तेवढं वजा करा.

१९०६ ते १९०८ मध्ये पीटर्सबर्गला निघालेले तीन खंड हीच हाताशी येण्यासारखी आवृत्ती. ती क्रांतीपूर्व लिपीत आहे. शब्दांच्या शेवटी उगाच येणारं कठोर चिन्ह आणि ‘ये’साठी येणारं जुनं ‘यात’ हे अक्षर बघून घाबरायला होतं, पण दोन दिवसांत डोळा बसतो. मी विद्यार्थ्यांना पहिलं पान हातानं आजच्या लिपीत उतरवायला लावतो. दुसऱ्या पानापासून कुणाला गरज पडलेली आठवत नाही. १६११ च्या पत्रांतले शब्द मात्र कोशात पटकन मिळणार नाहीत. अडलात तर ते वाक्य जसंच्या तसं उतरवून पाठवा, भाषांतर करून नको.